थारचे शॉकप बदलायचेत: मुरूम, पांदण आणि हायवे तिन्ही आहे, काय घ्यावं?

बालाघाटी

राम राम मंडळी.

गाडी थार, २०२० साली आलेलं नवं मॉडेल, डिझेल, हार्डटॉप, फोर बाय फोर. गाव पाटोदा तालुक्यात. अधूनमधून संभाजीनगरला जाणं होतं, बाकी रोजचं घर ते शेत. डांबरी सोडली की मुरुमाचा रस्ता, मग ओढा, ओढ्याच्या पुढं पांदण. पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या वैशाखात अशा टणक वाळतात की एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या वरंब्यावर, अशी तिरकी गाडी न्यावी लागते.

तक्रारी दोन. मुरुमाच्या रस्त्यावर आडव्या लाटा पडल्यात. तिथं चाळीसच्या वर गेलं की गाडीचा मागचा भाग नाचायला लागतो, वळणावर बाजूला सरकतो. मागं खताची पाच-सहा पोती टाकली की तोच रस्ता गुमान जातो. दुसरी तक्रार हायवेची. पुलाच्या सांध्यावरून गेलं की तोंड वर जातं आणि दोनदा डोलूनच खाली बसतं.

एका ॲक्सेसरीवाल्यानं सांगितलं, गाडी दोन इंच उंच करणारा लिफ्ट किट टाका, बाहेर तेलाचा डबा असलेले इंपोर्टेड शॉकप घ्या, विषय संपला. आकडा ऐकून माझाच विषय संपला. तर कंपनी कोणती घ्यावी, लिफ्ट करावी का, आणि त्या डब्याला खरंच काही अर्थ आहे का?

फुफाटा

वाचतोय. गाडी तीच, दुखणं तेच. शिवाय माझा मागचा डावा शॉकप ओलसर दिसतोय.

पाट्यावरची_जीप

माझ्याकडं जुनी एमएम ५४०, चारी बाजूंनी पाटे. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घासण्यातच अर्धा शॉकप मिळतो. म्हणून आमच्या गाडीत शॉकप मेला तरी वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. तुमच्या नव्या थारला कॉइल स्प्रिंग. तिच्यात घर्षण नावालाच, सगळं आवरायचं काम शॉकपच्या माथी. गेला की लगेच कळतं.

पण इंपोर्टेड कशाला, हे मला समजत नाही. आपल्याकडं शॉकप बनवणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत, बीडमध्ये काउंटरवर मिळतात. घ्या, वापरा, संपला की बदला. ऑस्ट्रेलियाहून शॉकपचे रबरी बुश मागवत बसायचं का पेरणीच्या दिवसांत?

वाळूजचा_पिस्टन

मी वाळूजला याच धंद्यात आहे, पण दुचाकीचे शॉकप. चारचाकीला नियम तेच, आकडे वेगळे. जरा लांबण लागेल.

गाडीचं वजन शॉकप उचलत नाही, ते काम स्प्रिंगचं. स्प्रिंग दबली की ताकद साठवते आणि परत फेकते. ती फेकलेली ताकद शॉकप तेलात जिरवतो. पिस्टनला बारीक भोकं असतात, भोकांवर पातळ पोलादी चकत्या, हाच त्याचा व्हाल्व. तेल त्या चकत्या वाकवून पलीकडं जातं आणि तापतं. हादऱ्याची उष्णता करून हवेत सोडून द्यायची, एवढंच त्याचं काम. त्यामुळं 'गाडी मागून बसते, जड शॉकप टाका' असं कुणी म्हणालं तर दुकान बदला. बसत असेल तर स्प्रिंग बघायची.

आता बालाघाटींचं दुखणं. मागचे शॉकप मेलेले असते तर पोती टाकल्यावर डोलणं वाढलं असतं, कारण तेवढ्याच तेलाला जास्त वजन आवरावं लागलं असतं. तुमच्याकडं उलट होतंय. थारच्या मागं अखंड एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग आस, त्याचं लोखंडी कवच ते हौसिंग. हौसिंग, चाकं, ब्रेक हे सगळं जड सामान स्प्रिंगच्या खाली. गाडी रिकामी असली की वरचं वजन घटतं, खालचं तेवढंच राहतं. त्यात टायर ही सुद्धा एक स्प्रिंगच, हवा जितकी जास्त तितकी ती कडक. कडक टायर लाटेचा माथा गिळत नाही, अख्खा एक्सल वर फेकतो. म्हणून पैसे काढायच्या आधी सकाळी टायर गार असताना हवा मोजा. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्याच्याशी ताडून बघा. पंक्चरवाल्याचा गेज धरू नका, स्वतःचा घ्या.

हायवेवरची तक्रार मात्र खरी शॉकपची. तोंड वर जाऊन दोनदा डोलतंय म्हणजे रिबाउंड कमी पडतोय. शॉकप उघडताना जो विरोध करतो तो रिबाउंड, दबताना करतो तो बंप.

इथं सगळे एका गोष्टीत गडबडतात. व्हाल्व ठरवताना वेग बघतात तो पिस्टनचा, गाडीचा नाही. हायवेवर शंभरनं जाताना लांबट चढउतार आला तर पिस्टन सावकाश सरकतो. पांदणीत दहानं जाताना चाक दगडावरून धपकन खाली आलं तर पिस्टन जोरात पळतो. चांगला व्हाल्व सावकाश चालीला घट्ट धरतो आणि जोराच्या चालीला मोकळा होतो. नुसताच कडक शॉकप दुकानासमोरच्या डांबरीवर झकास वाटतो आणि मुरुमावर मणका मोडतो.

तेव्हा दुकानदाराला कंपनी नंतर विचारा. आधी विचारा, हा व्हाल्व किती वजनाच्या गाडीसाठी आहे? बाहेरचे बरेच किट लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), छतावर तंबू घेऊन फिरणाऱ्या गाड्यांसाठी केलेले असतात. रिकाम्या थारला ते बसवले तर तुमचं नाचणं कमी न होता वाढेल.

बालाघाटी

पाट्यावरच्या दादांचा मुद्दा पटतो, पण काउंटरवरचा शॉकप म्हणजे कंपनीनं दिला तसाच ना? मग डोलणं जाईल कसं?

पिस्टनभाऊ, हवा उद्या मोजतो. गाडीवर जादा लोखंड काही नाही. बुलबार, म्हणजे पुढचा लोखंडी आडवा गज, लावायचा विचार होता, पण २०१७ च्या डिसेंबरमध्येच केंद्रानं त्यावर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलंय हे समजल्यावर नाद सोडला.

लातूरची_जिम्नी

मी पशुवैद्यक, औसा-किल्लारी पट्ट्यात फिरते. गाडी जिम्नी, पुढं-मागं दोन्हीकडं अखंड एक्सल. मागं कृत्रिम रेतनाच्या कांड्यांचा द्रव नायट्रोजनचा कॅन असतो, तो कलंडला तर नायट्रोजन जातो आणि त्यासोबत कांड्याही वाया. त्यामुळं गाडीचं डोलणं हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही.

मी मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे शॉकप टाकले. वळणावरचं झुकणं आणि हायवेवरचं तरंगणं गेलं, कॅन जागेवर राहतो. पण गावातल्या सिमेंटच्या रस्त्याचा प्रत्येक सांधा आता पायाला कळतो. सुरुवातीला वाटलं व्हाल्व कडक आहे, पण बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप घेतला, कच्च्या रस्त्याला लागताना हवा उतरवायची आणि डांबरीवर आल्यावर परत भरायची सवय लावली, तेव्हा गाडी खरी माणसात आली. पंपाचा खर्च शॉकपच्या मानानं काहीच नाही.

आणखी एक, काळ्या मातीत पाऊस पडल्यावर जायचंच नाही. माती टायरच्या खाचांत भरते, गोटा गुळगुळीत होतो, मग खाली शॉकप कोणताही असो. मी बांधावर गाडी लावून चालत जाते.

पिस्टनभाऊंना प्रश्न: फोम सेल म्हणतात तो काय प्रकार आहे? मोनोट्यूबपेक्षा मऊ असतो का?

वाळूजचा_पिस्टन

डॉक्टरताई, मऊ-कडक हे व्हाल्ववर ठरतं, नळीच्या प्रकारावर नाही. प्रकारानं फरक पडतो तो तापण्यात आणि फेसात.

साधा शॉकप ट्विन ट्यूब, म्हणजे एकात एक दोन नळ्या. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत खाली तेल आणि वर हवा. लाटांच्या रस्त्यावर बराच वेळ पळवला की हवा तेलात मिसळते आणि ताक घुसळल्यावर येतो तसा फेस होतो. पिस्टन तेलाऐवजी फेसातून फिरायला लागला की विरोध संपला. गाडी थांबवून चहा घेतलात की शॉकप पुन्हा शहाणा. हवेच्या जागी कमी दाबाचा नायट्रोजन भरला तर फेस उशिरा होतो, त्याला आपण 'गॅसवाला' म्हणतो.

फोम सेलमध्ये त्या मोकळ्या जागेत बंद छिद्रांचा फोम बसवलेला असतो. वायू फोमच्या आत कोंडलेला, तेलात मिसळणार कसा? ऑस्ट्रेलियाच्या आयर्नमॅन, टफ डॉग वगैरेंकडं हा प्रकार आहे. तिकडं लाटांचे कच्चे रस्ते मुबलक.

मोनोट्यूबला एकच नळी. तळाशी तरंगता पिस्टन आणि त्याच्या पलीकडं २५ बारच्या आसपास दाबाचा नायट्रोजन. बिल्स्टीननं १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी असे शॉकप काढले, म्हणजे कल्पना जुनी आहे. तेल थेट बाहेरच्या नळीला टेकून असल्यानं लवकर थंड होतं. तोटाही तिथंच. ज्या नळीत पिस्टन फिरतो तीच उघड्यावर. ओढ्यातला दगड उडून नळीला पोचा पडला की पिस्टन त्या जागी अडकतो. ट्विन ट्यूबच्या बाहेरच्या नळीला लहानसा पोचा पडला तरी आतलं काम चालू राहतं.

ताईंना सांधे का कळतात त्याचं एक कारण आकड्यात दिसतं. २५ बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला अडीच न्यूटन. पिस्टनचा दांडा १४ मिमीचा धरला तर क्षेत्रफळ साधारण १५४ चौरस मिमी. गुणाकार ३८५ न्यूटन, म्हणजे जवळपास ३९ किलोचा रेटा एकेक शॉकप कायम बाहेर ढकलतोय. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला एवढं जाणवणारच. दांडा जाड झाला की हा रेटाही वाढतो.

डब्याबद्दल: त्यानं तेल वाढतं, आणि तरंगता पिस्टन डब्यात गेल्यानं मुख्य नळीत चालीला जागा मिळते. रॅलीत तासन्‌तास झोडपायचं असेल तर त्याचा उपयोग पुरेपूर. घर ते शेत या अंतरात तेल कोमटच राहील. वर तो डबा, त्याची नळी आणि क्लँप चाकाच्या चिखलात सांभाळायचे.

माहूर_किनवट

इथं लिफ्टला उगाच बदनाम करायलेत. आमच्याकडं दगडाचे नाले आहेत. दोन इंच उचलल्यापासून पुढचा बंपर टेकत नाही, साइड स्टेप वाचली, वरंबा पोटाला लागत नाही. डांबरीवर थोडं झुकते, मान्य. पण बालाघाटी भाऊंनी स्वतःच लिहिलंय की चाकोरीत गाडी तिरकी न्यावी लागते. मग उचलायची नाही तर काय करायचं?

गॅरेजवाला_परळी

किनवटवाले भाऊ, पोट वर गेलं, हौसिंग कुठं गेलं? मागचा गोळा, म्हंजी हौसिंगचा मधला फुगीर डिफरन्शियलचा भाग, दोन चाकांच्या मधीच ऱ्हातोय. लिफ्ट करा न्हाईतर काही करा, तो तसूभर हलत न्हाई. टायर मोठं टाकलं तरच तो वर येतोय. आन चाकोरीतला वरंबा पहिला घासतोय तो त्या गोळ्यालाच.

माझ्याकडं लिफ्ट केल्याल्या गाड्या येत्यात त्या ठरलेल्या तक्रारी घेऊन. अलाइनमेंट बसंना, पुढच्या एक्सलचा रबरी बूट फाटला, आन खड्ड्यात चाक लोंबलं की शॉकप पुरा उघडून ठक्‌ वाजतोय. हे ठक्‌ वाजणं वाईट. गाडी उचलली पण शॉकप जुन्याच लांबीचा ठेवला की असं होतं. उलटं पण बघितलंय, शॉकप लांब टाकला आन बंप स्टॉप (एक्सल वर येऊन टेकतो ते रबर) तसाच ठेवला. मग दबताना रबर टेकायच्या आधी शॉकपच तळाला जातोय. आतला पिस्टन न्हाईतर वरचं माउंटिंग, एक काहीतरी जातं.

म्हणून कंपनी सांगायच्या आधी मी माप घेतो. चेसीला घोडी (लोखंडी टेकू) लावायची, चाक पुरं लोंबू द्यायचं, शॉकपच्या वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत माप. मग खालून जॅकनं एक्सल उचलत बंप स्टॉप दबंपर्यंत न्यायचा, परत माप. नवा शॉकप पहिल्या मापाला पुरला पाहिजे आन दुसऱ्या मापाला त्यात जागा शिल्लक पाहिजे. चाक लोंबल्यावर ब्रेकचा पाइप ताणतोय का तेबी तवाच बघून घ्यायचं.

शॉकप जिता हाय का मेला, ह्याला सोपी युक्ती. मुरुमाच्या रस्त्यानं चांगली फेरी मारून या, उतरल्या उतरल्या चारी शॉकपला हात लावा. जपून, चटका बसतोय. चारी सारखे गरम असतील तर चारी काम करतेत. एकच गार लागला तर तो नुसता लटकलाय. गाडी कोपऱ्यावर दाबून सोडायची युक्ती आता एवढी कामाची न्हाई, अर्धा मेलेला शॉकप पण त्यात पास होतोय.

फुफाटा भाऊ, दांड्याच्या तोंडाला नुसता तेलकट थर असंल आन त्यावर धूळ बसली असंल तर घाबरू नका. पुसा, आठ दिवसांनी बघा. तेल खाली ओघळलं असंल तर गेला.

कागदवाला_धाराशिव

तांत्रिक चर्चा चालू द्या, एक कागदी मुद्दा टाकून जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसीवरचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचे, तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करायचा नाही, हा त्याचा गाभा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. शॉकप कोणत्या कंपनीचा, हे काही आरसीवर नसतं. पण उंची, टायरचा आकार हे बदलायला लागलात की वादाला जागा होते, आणि तो वाद नेमका अपघाताच्या क्लेमच्या वेळी निघतो. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरकडून काय चालतं ते लेखी घ्या. तोंडी 'चालतंय की' चा उपयोग नाही.

माहूर_किनवट

गोळ्याचं परळीकरांचं बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. पण दगडाच्या नाल्यात आधी बंपर टेकतो, गोळा नंतर. ज्याचा त्याचा रस्ता. माझी लिफ्ट काही मी उतरवणार नाही.

बालाघाटी

सगळ्यांनी सांगितलेलं करून पाहिलं.

हवा: चारी टायरांत ४० पीएसआय भरलेली. स्टिकरवर आणली, मुरुमाला लागताना आणखी थोडी उतरवली. मागचं नाचणं निम्म्याहून कमी झालं, वळणावर सरकणं थांबलं. ताई, पंप मागवलाय.

हात लावून पाहिलं: चारी सारखेच गरम. म्हणजे मेलेला कुणी नाही. हायवेवरचं डोलणं मात्र जिथल्या तिथं, किंबहुना हवा बरोबर केल्यापासून जास्त कळतंय.

तर ठरवलंय असं. लिफ्ट नाही. किनवटच्या भाऊंचं त्यांच्या नाल्यांपुरतं पटतं, माझ्या पांदणीत अडतो तो गोळाच. डबा नाही. मूळ लांबीचे, नायट्रोजन भरलेले ट्विन ट्यूब, रिकाम्या गाडीच्या वजनाला व्हाल्व केलेले. मोनोट्यूबचा मोह होता, पण ओढ्यातले दगड पाहता नको. दुकानात 'व्हाल्व किती वजनासाठी' असं विचारलं तर एकानं माझ्याकडं नुसतं बघितलं. दुसऱ्यानं कॅटलॉग काढला, त्यात हलकं, मध्यम, जड असे तीन वेगवेगळे नंबर निघाले. त्याच्याकडूनच घेतोय.

प्रश्न उरला एकच: पुढचे दोनच बदलू की चारी?

पाट्यावरची_जीप

पुढचे दोन. मागचे जिवंत आहेत म्हणताय ना, मग जिवंत माणसाला कशाला पुरता?

वाळूजचा_पिस्टन

पैशाचा प्रश्न असेल तर पुढचे दोन चालतील, पण पुढचा भाग आवरला की मागचा सैल वाटायला लागेल. आज तो सैल नाही असं नाही, तोंडाच्या डोलण्यात झाकला जातोय. जमत असेल तर चारी, एकाच प्रकारचे. आणि मध्यम नंबर घेऊ नका 'पुढं कधी विंच लावली तर' म्हणून. विंच लावाल तेव्हा बघू.

गॅरेजवाला_परळी

बसवणाऱ्याला तीन गोष्टी सांगा, आन समोर उभं ऱ्हा.

ट्विन ट्यूब बसवायच्या आधी उभा धरून चार-सहा वेळा पुरा दाबायचा-उघडायचा. आडवा पडून पडून आतल्या नळीत वायू शिरल्याला असतोय, तो निघतो. पहिल्या दोन-तीन दाबांना मधी पोकळ लागंल, मग एकसारखा जड लागंल. पोकळपणा गेलाच न्हाई तर तो शॉकप परत द्या.

नट आवळताना दांडा फिरतो म्हणून कुणी पकडीनं दांडा धरला तर तिथंच थांबवा. क्रोमवर ओरखडा गेला की तो ओरखडा दर फेरीला सील कापतोय.

बुशचे बोल्ट गाडी घोडीवर असताना शेवटचे आवळायचे न्हाईत. नुसते अडकवा, गाडी चाकावर उतरवा, दोनदा दाबून बसू द्या, मग आवळा. लोंबत्या चाकावर आवळलं तर बुशचं रबर कायम पिळल्यालं ऱ्हातं आन लवकर फाटतं.

पुढची स्प्रिंग शॉकपवरच बसल्याली हाय, ती दाबायचं यंत्र नीट असल्याल्या गॅरेजातच खोला. दोरी-साखळी बांधून करतो म्हणणाऱ्याकडं न्हाई. दाबल्याली स्प्रिंग सुटली तर माणूस जातोय.

लातूरची_जिम्नी

आणि बसवल्यावर अलाइनमेंट करून घ्या. पुढचं काम झालं की ते लागतंच.

बालाघाटी

चारी घेतोय. माप परळीलाच घेऊ, बसवूही तिथंच. भाऊ, व्यनि (खासगी निरोप) केलाय, दिवस सांगा.

फुफाटा

मागचे जुने दोन काढल्यावर विकणार असाल तर मला द्या. माझा डावा पुसून पाहिला, आठ दिवस कुठले, दुसऱ्या दिवशीच थेंब खाली आला.

बालाघाटी

विकायचे काय, घेऊन जा. डावा एकच पाहिजे का?

गॅरेजवाला_परळी

दोन्ही न्या. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला जुना असा जोड लावू नका, गाडी ब्रेक मारताना एकीकडं ओढती. आन नेताना उभे बांधून न्या, आडवे नेले तर बसवायच्या आधी परत दाबून वायू काढा.